प्रेक्षकाचा निवाडा : गुन्हेमालिका आणि संमतीचा नैतिक प्रश्न

१

दूरचित्रवाणी मालिकांचा एखादा हंगाम संपला की प्रेक्षक आपली मते मांडू लागतो. अमुक मालिका वेगवान होती, तमुक मालिकेचा शेवट पटला नाही, एका नायकाचे वागणे अतिरेकी वाटले, दुसरीकडे खलनायक फार सहज सुटला, अशा स्वरूपाची ही मते असतात. समीक्षेने त्यांच्याकडे सामान्यतः दुर्लक्ष केले आहे. ती विस्कळीत असतात, त्यांना निकषांची शिस्त नसते आणि ज्यांच्याविषयी ती दिली जातात त्या निर्मितींना कलाकृती म्हणावे की नाही याविषयीच अभ्यासकांत एकमत नसते. तथापि गुन्हे आणि साहस या विषयांवरील मालिकांच्या बाबतीत हे दुर्लक्ष महागात पडणारे आहे. पोलीस अधिकारी संशयिताला मारहाण करून माहिती काढतो आणि प्रेक्षक म्हणतो, 'बरोबर केले.' हे विधान नेमके कशाविषयी आहे? ते प्रसंगाच्या रचनेविषयी आहे, पात्राच्या स्वभावसंगतीविषयी आहे, की कृत्याच्या नैतिकतेविषयी? आणि ते कृत्याच्या नैतिकतेविषयी असेल, तर कृत्य काल्पनिक आहे एवढ्यावरून बोलणारा त्याच्या उत्तरदायित्वातून मुक्त होतो काय?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात ज्या दोन भूमिकांची सविस्तर चिकित्सा केली, त्यांच्याशी ही उत्तरे ढोबळमानाने जुळतात. अलौकिकतावादी म्हणेल की कलेतील विश्व हे स्वायत्त विश्व आहे. तेथील मारहाण ही मारहाण नव्हे, तिला दिलेली दाद ही मारहाणीला दिलेली दाद नव्हे. लौकिकतावादी म्हणेल की कलेतील भावना आणि जीवनातील भावना यांत जातीचा फरक नाही; म्हणून पडद्यावरील क्रौर्याला दाद देणारा माणूस जीवनातील क्रौर्यालाही हळूहळू सरावतो. पहिल्या उत्तराने प्रश्नच नाहीसा होतो. दुसऱ्या उत्तराने तो परिणामांच्या मोजदादीवर, म्हणजे मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्यावर, सोपवला जातो. दोन्ही उत्तरांत प्रेक्षकाने दिलेले मत हे मत म्हणून तपासले जात नाही. ते तपासायचे तर एखादा विशिष्ट हंगाम समोर ठेवणे सोयीचे ठरेल.

२

अमेरिकेतील २००१-०२ चा हंगाम या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तेथे मालिकांचे वर्ष साधारणपणे सप्टेंबरअखेर सुरू होऊन मे महिन्यात संपते. त्या वर्षी हंगामाच्या तोंडावरच ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. पुढील काही आठवड्यांत प्रक्षेपित होऊ लागलेल्या मालिका अर्थातच त्याआधी लिहिल्या गेल्या होत्या. परंतु त्या पाहणारा प्रेक्षक बदललेला होता. ३० सप्टेंबर रोजी 'एलियस' आणि 'लॉ अँड ऑर्डर : क्रिमिनल इन्टेंट' या मालिका सुरू झाल्या. ६ नोव्हेंबरला 'ट्वेंटी-फोर' सुरू झाली. तिच्या पहिल्या भागातील विमानाच्या स्फोटाचे दृश्य घडलेल्या घटनेमुळे कापून छोटे करावे लागले. १२ मार्च २००२ रोजी 'द शील्ड' आली. आदल्या वर्षी सुरू झालेली 'सीएसआय' तेव्हा दुसऱ्या वर्षात होती. हंगाम औपचारिकरीत्या संपल्यानंतर, २ जून २००२ रोजी, 'द वायर' सुरू झाली.

याच महिन्यांत अमेरिकेतील सार्वजनिक चर्चेत एक जुने तात्त्विक उदाहरण पुन्हा अवतरले. शहरात बॉम्ब दडवला आहे, तो फुटायला थोडाच अवधी उरला आहे, तो कोठे आहे हे माहीत असलेला माणूस ताब्यात आहे. त्याचा छळ करावा की करू नये? मायकेल वॉल्झर याने १९७३ मध्ये राजकारणातील 'मळलेल्या हातां'चा प्रश्न मांडताना अशाच उदाहरणाचा आधार घेतला होता. हेन्री श्यू याने १९७८ मध्ये छळाच्या नैतिकतेविषयी लिहिताना अशा कृत्रिम उदाहरणांवरून नियम काढण्यातील धोका दाखवला होता. २००१ नंतर अॅलन डर्शोविट्झ या कायदेपंडिताने, छळ होणारच असेल तर तो न्यायालयीन परवान्याच्या कक्षेत यावा, असा प्रस्ताव मांडला. म्हणजे तत्त्वज्ञाच्या टिपणातील उदाहरण विधिचर्चेत आले आणि त्याच वेळी ते दर आठवड्याला घराघरांत दृश्यरूपाने दिसूही लागले. या दोहोंत कार्यकारणसंबंध होता असे सिद्ध करण्याचे कारण नाही. दोहोंची रचना एकच होती, ही गोष्ट मात्र विचारात घेण्याजोगी आहे.

३

ती रचना 'ट्वेंटी-फोर'मध्ये सर्वांत स्पष्ट दिसते. जोएल सर्नाउ आणि रॉबर्ट कॉक्रन यांनी निर्माण केलेल्या या मालिकेत चोवीस भागांत एकाच दिवसाचे चोवीस तास दाखवले जातात. पडद्यावर वारंवार घड्याळ येते. त्याच्या ठोक्यांबरोबर प्रेक्षकाचा श्वास बांधला जातो. दहशतवादविरोधी दलातील जॅक बावर हा नायक नियम मोडतो, धमकावतो आणि पुढच्या हंगामांतून उघडपणे छळही करतो. प्रेक्षकाचे मत येथे बहुधा एकाच दिशेने झुकते : त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

परंतु 'दुसरा मार्ग नव्हता' हे प्रेक्षकाला कसे कळते? कटाचे धागे त्याने आधीच्या दृश्यांत पाहिलेले असतात. ताब्यातील माणूस खरोखरच कटात आहे, त्याला माहिती आहे, ती खरी आहे आणि ती वेळेत मिळाली तर उपयोगी पडणार आहे, या चारही गोष्टी कॅमेऱ्याने त्याला सांगून ठेवलेल्या असतात. प्रत्यक्षातील चौकशी अधिकाऱ्याला यांपैकी एकही गोष्ट निश्चित माहीत नसते. तत्त्वज्ञाच्या उदाहरणात ही निश्चिती गृहीतकाच्या रूपाने येते, मालिकेत ती दृश्याच्या रूपाने येते, आणि गृहीतकापेक्षा दृश्य अधिक बलवान असते, कारण ते गृहीतक आहे हे विसरायला लावते. छळाला मिळालेली प्रेक्षकाची संमती ही बहुतांशी या ज्ञानाला मिळालेली संमती असते.

या मालिकेच्या दुसऱ्या हंगामातील एक प्रसंग येथे निर्णायक ठरतो. अणुबॉम्ब कोठे आहे हे जाणणाऱ्या सय्यद अली या कटवाल्याला बोलते करण्यासाठी त्याच्या मुलाला गोळी घातल्याचे पडद्यावर दाखवले जाते. अली कोसळतो आणि माहिती देतो. त्यानंतर कळते की ती हत्या बनावट होती. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि नायकाच्या चातुर्याला दाद देतो. पण गोळी झाडली जाणे आणि सत्य उघड होणे यांच्यामध्ये एक अंतर आहे. त्या अंतरात प्रेक्षकही अलीइतकाच फसलेला असतो. त्या क्षणी ज्याने मनातल्या मनात 'बॉम्ब सापडला ना' असे म्हटले, त्याने एका निरपराध मुलाच्या मृत्यूला संमती देऊन टाकलेली असते. मालिका पुढच्याच दृश्यात ती संमती त्याला परत करते, जणू काही घडलेच नाही. नंतर मत देताना प्रेक्षक चातुर्याविषयी बोलतो, त्या मधल्या क्षणाविषयी बोलत नाही. नैतिक प्रश्न मात्र नेमका त्या मधल्या क्षणी उभा राहिलेला असतो.

असे असूनही पहिल्या हंगामाचा शेवट या निश्चितीला स्वतःच तडा देतो. बावरची विश्वासू सहकारी नीना मायर्स हीच फितूर निघते आणि बावरची पत्नी टेरी तिच्या हातून मारली जाते. दिवसभर नीनावर विश्वास ठेवण्यात बावर आणि प्रेक्षक दोघेही चुकलेले असतात. सहकाऱ्याविषयीचे ज्ञान इतके खोटे ठरू शकते, तर कैद्याविषयीचे ज्ञान कशावरून खरे, असा प्रश्न येथून सहज निघाला असता. मालिकेने तो काढला नाही. तो काढणे हे प्रेक्षकाच्या मताचे काम होते.

४

'एलियस'मध्ये हाच प्रश्न वेगळ्या बाजूने येतो. जे. जे. एब्रम्स याच्या या मालिकेतील सिडनी ब्रिस्टो ज्या संस्थेसाठी हेरगिरी करते ती सीआयएची शाखा आहे असे तिला सांगितलेले असते. प्रत्यक्षात ती शत्रूची संस्था निघते आणि सिडनी दोन्हीकडे काम करू लागते. प्रतिज्ञा, राष्ट्रनिष्ठा, वरिष्ठांचा शब्द यांपैकी कशानेही आपण योग्य बाजूला आहोत याची हमी मिळत नाही, हे या कथेचे मूळ सूत्र आहे. पहिल्याच भागात सिडनीचा छळ होतो. ती झुकत नाही. साहसकथांचा हा जुना संकेतच आहे : नायिकेचा छळ निष्फळ ठरतो आणि खलपात्राचा छळ फलद्रूप होतो. एकच कृत्य एका देहावर धैर्याची कसोटी ठरते आणि दुसऱ्या देहावर माहितीचे साधन. वेगवेगळ्या मालिका एकाच आठवड्यात पाहणाऱ्या प्रेक्षकाला ही विसंगती क्वचितच खटकते. छळाने सत्य बाहेर येते की येत नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. मालिकांच्या जगात त्याचे उत्तर छळला जाणारा कोणाच्या बाजूचा आहे यावरून ठरते.

शॉन रायन याच्या 'द शील्ड'ने हा संकेत प्रेक्षकाच्याच हातात ठेवून मग हिसकावून घेतला. लॉस एंजेलिसमधील एका काल्पनिक पोलीस विभागात विक मॅकी हा एका विशेष पथकाचा प्रमुख आहे. पहिल्या भागात एक लहान मुलगी बेपत्ता होते. ताब्यातील आरोपी बोलत नाही. मॅकीविषयी मनातून तिरस्कार बाळगणारा ठाण्याचा प्रमुख असेवेडा शेवटी त्यालाच चौकशीच्या खोलीत पाठवतो. मॅकी आरोपीला मारहाण करतो, मुलीचा ठावठिकाणा कळतो, ती जिवंत सापडते. याच भागाच्या शेवटी मॅकी एका छाप्यात टेरी क्राउली या सहकारी पोलिसाच्या चेहऱ्यावर गोळी झाडून त्याला ठार करतो, कारण क्राउली मॅकीच्या भ्रष्टाचाराचा पुरावा गोळा करीत होता.

पहिल्या कृत्याला प्रेक्षक संमती देतो, दुसऱ्याने तो हादरतो. प्रचलित मत असे की मॅकी हा 'गुंतागुंतीचा' नायक आहे, त्याच्यात चांगले आणि वाईट दोन्ही आहे. हे मत अपुरे आहे. त्यात असे गृहीत धरले आहे की पहिले कृत्य चांगल्या मॅकीचे आणि दुसरे वाईट मॅकीचे. वस्तुतः दोन्ही कृत्यांत कर्ता एकच आहे, एवढेच नव्हे तर कारणही एकच आहे : नियम कोणासाठी थांबवायचा हे ठरवण्याचा अधिकार मॅकीने स्वतःकडे घेतला आहे. हा अधिकार त्याला मुलीसाठी हवा असलेल्या प्रेक्षकाने दिला. तो त्याने क्राउलीसाठी वापरला. सात हंगामांनंतर, नोव्हेंबर २००८ मधील शेवटच्या भागांत, मॅकी अभयदान मिळवून आपले गुन्हे कबूल करतो आणि अखेर एका कार्यालयातील टेबलाशी जखडला जातो. त्याला शिक्षा झाली की तो सुटला यावर प्रेक्षकांची मते विभागली जाणे स्वाभाविक आहे. परंतु पहिल्या भागातील चौकशीच्या खोलीकडे परत न जाता दिलेले कोणतेही मत येथे अर्धेच राहते.

५

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की दोष हिंसेच्या चित्रणात आहे आणि हिंसा नसलेली गुन्हेमालिका नैतिकदृष्ट्या निर्धोक असते. हा निष्कर्ष टिकत नाही. 'सीएसआय'मध्ये मारहाण नाही. लास व्हेगासमधील न्यायवैद्यक तज्ज्ञ केस, धागे, रक्ताचे डाग आणि गोळीवरील ओरखडे यांवरून गुन्हेगारापर्यंत पोहोचतात. पुरावा खोटे बोलत नाही, अशी या मालिकेची श्रद्धा आहे. 'क्रिमिनल इन्टेंट'मधील गोरेन हा अधिकारी संशयिताच्या मनाची घडण ओळखून केवळ शब्दांनी कबुलीजबाब घडवून आणतो. पद्धती वेगळ्या, पण प्रेक्षकाला मिळणारे समाधान तेच : तासाभरात शंका उरत नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने न्यायवैद्यक शास्त्रांविषयी जो अहवाल दिला, त्यात डीएनए परीक्षण वगळता ओळख पटवण्याच्या अनेक प्रचलित पद्धतींचा शास्त्रीय पाया पुरेसा तपासलेला नाही असे दाखवून दिले होते. शांत, सभ्य, प्रयोगशाळेत वावरणारी निश्चितीही निरपराध माणसाला तुरुंगात धाडू शकते. तेव्हा गुन्हेमालिकेचे खरे आमिष क्रौर्य हे नसून निश्चिती हे आहे. क्रौर्य हे तिच्याकडे जाण्याच्या अनेक मार्गांपैकी एक आहे.

'द वायर'चे वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसते. डेव्हिड सायमन याच्या या मालिकेत बाल्टिमोरच्या पोलिसांची चौकशी महिनोन्‌महिने रेंगाळते, दूरध्वनीवरील संभाषणे ऐकण्यात जाते आणि शेवटी थोडेच हाती लागते. दुसऱ्याच भागात प्रेझ्बिल्युस्की हा पोलीस रात्री वस्तीत जाऊन एका किशोरवयीन मुलाच्या तोंडावर पिस्तुलाचा दस्ता मारतो. त्या मुलाचा डोळा जातो. या मारहाणीतून कोणतीही माहिती मिळत नाही, कोणीही वाचत नाही, कथा तसूभरही पुढे सरकत नाही. हिंसेचा मोबदला प्रेक्षकाला मिळत नसल्यामुळे ती हिंसा म्हणूनच पाहावी लागते. 'संथ आहे' हे या मालिकेविषयीचे एक नेहमीचे मत. त्या मतात तक्रार आहे, पण वर्णनही अचूक आहे : निश्चिती लांबणीवर टाकणारी कथा संथच असणार.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. काल्पनिक कृत्याला दिलेल्या संमतीचे उत्तरदायित्व प्रेक्षकावर येते काय?

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना येथे उपयोगी पडते. वाचक पात्राशी तादात्म्य पावतो, पण स्वतःला पूर्णपणे विसरत नाही. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरूनही तो आपल्या भूमिकेवर राहतो, आणि या दुहेरीपणातच वाङ्मयानंदाचा उगम आहे, असा या कल्पनेचा आशय. केळकरांचा रोख आनंदाच्या मीमांसेवर होता. तिच्यातील नैतिक शक्यता मात्र पुढे नेता येण्याजोगी आहे. समाधीच्या बाजूने पाहिले तर संमती ही प्रेक्षकाच्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे. घड्याळाचे ठोके, संगीत, चेहऱ्यांची निकटदृश्ये यांच्या प्रभावाखाली मन झुकते. त्या झुकण्याचा दोष त्याला देणे म्हणजे भीतीने दचकणाऱ्याला भित्रा म्हणण्यासारखे आहे. विकल्पाच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. मालिका संपल्यावर, दिवा लावल्यावर, प्रेक्षक जेव्हा 'बरोबर केले' असे म्हणतो, तेव्हा ते त्याच्या बाबतीत घडत नसते. ते तो करीत असतो. पाहताना आलेली संमती ही घटना आहे, नंतर दिलेले मत ही कृती आहे. घटनेचे उत्तरदायित्व नसते, कृतीचे असते.

हा भेद मान्य केला तर दोन्ही तयार उत्तरांची मर्यादा कळते. अलौकिकतावाद्याचे म्हणणे आस्वादाच्या क्षणाला लागू पडते, पण तो ते मतापर्यंत ताणतो. लौकिकतावाद्याचे म्हणणे मताला लागू पडते, पण तो ते आस्वादावर लादतो आणि मग मालिकांवर बंधने घालण्याची भाषा करू लागतो. डेव्हिड ह्यूम याने १७५७ मधील अभिरुचीविषयक निबंधात म्हटले होते की, निंद्य वर्तन निंद्य म्हणून अंकित न करता रंगवणाऱ्या कृतीत शिरणे त्याला शक्य होत नाही. गुन्हेमालिकेचा अनुभव असा की शिरणे फार सोपे असते. म्हणूनच बाहेर आल्यावर काय म्हटले जाते याला महत्त्व येते.

यावर एक आक्षेप संभवतो. सामान्य माणसाने घरच्या बैठकीत दिलेल्या मताने कोणाचे काय बिघडते? परिणामांच्या अंगाने याला एक उत्तर आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी विद्यालयाचे अधिष्ठाता ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन हे 'ट्वेंटी-फोर'च्या निर्मात्यांना जाऊन भेटले. कायद्याने बांधलेल्या चौकशीचे धडे घेणाऱ्या छात्रांच्या मनावर ही मालिका विपरीत परिणाम करीत आहे, अशी त्यांची तक्रार होती. तत्पूर्वी, १ ऑगस्ट २००२ च्या सरकारी टिपणात 'छळ' या शब्दाची व्याख्या कमालीची संकुचित करण्यात आली होती आणि एप्रिल २००४ मध्ये अबू घ्रैब तुरुंगातील छायाचित्रे जगापुढे आली होती. तरीही या उत्तरावर भिस्त ठेवणे योग्य नव्हे. तुरुंगातील क्रौर्याला मालिकांची गरज नसते. ते त्यांच्या आधीही होते. भारतातही कोठडीतील मारहाण पडद्यावरून शिकावी लागलेली नाही. त्याच मालिकेची भारतीय आवृत्ती २०१३ मध्ये अनिल कपूर यांनी आणली, तेव्हा छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही करूनही त्याला अनुसमर्थन दिलेले नव्हते.

आक्षेपाचे खरे उत्तर परिणामांत नसून मताच्या स्वरूपात आहे. वॉल्झरच्या उदाहरणातील राजकारणी छळाची आज्ञा देतो, कदाचित तसे करणे अपरिहार्य असते, पण आपण अपराध केला हे तो जाणतो. ही जाणीव नसेल तर तो केवळ क्रूर माणूस उरेल, असा वॉल्झरचा युक्तिवाद आहे. बावरलाही पुष्कळ सोसावे लागते. पत्नी, घर, निवांतपणा सारे तो गमावतो. मळलेल्या हातांचे ओझे मालिकेने नायकावर ठेवले आहे आणि त्याच्या कृत्याने लाभलेले समाधान प्रेक्षकाला दिले आहे. 'बरोबर केले' हे मत म्हणजे या वाटणीला दिलेली मान्यता होय. ज्या समाजात छळाचा निर्णय दूरच्या खोलीत, इतरांच्या हातून, नागरिकांच्या नावाने होतो, त्या समाजात नागरिकाची नैतिक स्थिती नेमकी या प्रेक्षकासारखीच असते. त्याच्या हाताला काही लागलेले नसते. त्याच्याजवळ केवळ मत असते. प्रत्यक्षातील कोठडीविषयी त्याला विचारले जाईल तेव्हा तो जे मत देईल, त्याची तालीम त्याने काल्पनिक कोठडीविषयी बोलताना केलेली असते.

म्हणून प्रेक्षकाने काय पाहू नये हे समीक्षेने सांगण्याचे कारण नाही. त्याच्या मताला काही प्रश्न जोडून देणे एवढे तिचे काम आहे. पात्राला न दिसणारे काय प्रेक्षकाला दाखवले गेले होते? ताब्यातील माणूस चुकीचा असता तर दृश्य कसे दिसले असते? कोणाच्या वेदनेला चेहरा मिळाला आणि कोणाच्या वेदनेतून केवळ माहिती मिळाली? या प्रश्नांनंतरही एखादा प्रेक्षक 'बरोबर केले' असे म्हणू शकेल. ते मत चूक असेल किंवा बरोबर असेल. पण ते त्याचे स्वतःचे मत असेल, घड्याळाने त्याच्याकडून वदवून घेतलेले नसेल.